समुद्राकाठी घर बांधायचंय? आधी मीठ समजून घ्या

गेल्या दोन वर्षांत बडोद्यातल्या ओळखीच्या चार घरांनी मला एकच प्रश्न विचारलाय. गावी म्हणजे कोकणात वाडवडिलांची जागा आहे, रिटायरमेंट जवळ आलीये, समुद्राजवळ छोटंसं घर बांधायचंय, तर कसं बांधू? दांडिया बाजारातल्या आमच्या काकांनी तर नकाशाच काढून आणला. दोन मजले, सपाट स्लॅब, समुद्राच्या बाजूला खालपासून वरपर्यंत काच आणि गच्चीला लोखंडी रेलिंग. बडोद्याच्या वाघोडिया रोडवर हा बंगला छान दिसला असता आणि टिकलाही असता, पण काकांची जागा आहे गुहागर तालुक्यात, आणि रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या लाटा ऐकू येतात इतकी ती समुद्राजवळ आहे. मी सिव्हिल इंजिनिअर, वीस वर्षं बडोद्यात घरं बांधतेय, आणि माझं आजोळ त्याच तालुक्यातलं, त्यामुळे दोन्हीकडची घरं म्हातारी होताना मी बघितलीत आणि ती फार वेगवेगळ्या तऱ्हेने म्हातारी होतात. काकांना तीन रविवार बसून जे समजावलं तेच इथे लिहितेय.

मीठ करतं काय

माझ्या मामाने २००४ साली जुन्या घराशेजारी आरसीसीचा बंगला बांधला. आरसीसी म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट. बारा वर्षांनी एका दुपारी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर ताटाएवढा पोपडा पडला, नशीब झोपाळा तेव्हा रिकामा होता. मी गेले आणि वर बघितलं तर सळ्या उघड्या पडलेल्या, बोटाने दाबलं की गंजाचे पापुद्रे पातळ पोह्यांसारखे सुटून हातात येत होते. आणि हाकेच्या अंतरावर पणजोबांचं जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाचं घर, ज्याला दरवर्षी पावसाआधी शाकारणं आणि पडवीची एक दुरुस्ती यापलीकडे कोणी काही केलेलं नाही, ते आपलं तसंच उभं.

झालं काय होतं ते सांगते. लाट फुटते तेव्हा पाण्याचे अगदी बारीक थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. पाणी सुकतं, मीठ भिंतीवर बसतं. किनाऱ्याला लागून हे सगळ्यात जास्त, मग आत जावं तसं कमी होत जातं. आता पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा, झाकण नीट लावलेलं असलं तरी मीठ ओलसर होतंच कारण ते हवेतलं पाणी ओढून धरतं. भिंतीवर बसलेलं मीठही तेच करतं, म्हणजे समुद्राकाठची भिंत पाऊस नसतानासुद्धा थोडी ओली असते.

काँक्रीटच्या आत सळी एरवी सुरक्षित असते, कारण सिमेंट खारट नाही तर अल्कलीयुक्त असतं, म्हणजे साबणाच्या किंवा सोड्याच्या जातीचं, आणि त्यात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड काँक्रीटच्या बारीक भोकांतून हळूहळू आत पोचतं आणि तो थर फोडतं. मग गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. घट्ट झाकणाच्या डब्यात गच्च भरून हरभरे भिजत घातले तर काय होईल, तसंच आतून दाब येतो आणि काँक्रीट फुटतं. फुटलं की आणखी मीठ आणि पाणी आत.

मामाच्या बाबतीत तर मीठ बाहेरून यायची वाटसुद्धा बघावी लागली नाही. ठेकेदाराने स्वस्त पडते म्हणून खाडीची वाळू वापरली होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून मीठ आतच.

मग आरसीसी बंदच करायचं का?

नाही, पण मोजकंच वापरायचं आणि नियमाने वापरायचं. आयएस ४५६ या भारतीय मानकात हवेप्रमाणे वर्ग पाडलेत. आपल्या बडोद्यासारख्या ठिकाणी आतल्या स्लॅबच्या सळीवर २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण चालतं, समुद्राच्या हवेत तेच ४५ लागतं आणि लाटांचा फवारा थेट येत असेल तर ५०. काँक्रीटची प्रतही एम २० ऐवजी एम ३०, फवाऱ्यात एम ३५ (आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत). आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात एका लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड नको. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि बांधकाम नेमकं तेव्हाच जोरात असतं, म्हणून पाणी तपासून घ्या, पाचशे-हजार रुपयांसाठी मागे बघू नका. वाळू नदीची घ्या किंवा क्रशरची, आणि सिमेंट शक्यतो स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) किंवा फ्लाय-अ‍ॅशचं (कोळशाच्या वीजकेंद्रातल्या राखेचं), कारण त्याचं काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि मीठ आत जायला वेळ लागतो.

हे सगळं साइटवर कोण बघणार? तुम्ही बडोद्यात, काम गुहागरात. म्हणून माझं मत असं की जे घर चुकीला कमी वाव देतं तेच बांधावं, आणि तिथेच जांभा येतो.

जांभा: आधीच गंजून बसलेला दगड

कोकणातल्या काळ्या खडकावर लाखो वर्षं मुसळधार पाऊस आणि ऊन आलटून पालटून पडत राहिलं, त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि मागे मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. तो लाल रंग गंजाचाच आहे. म्हणजे या दगडातलं लोखंड केव्हाच गंजून घेऊन स्वस्थ बसलंय, मिठाने त्याचं आणखी बिघडवायला काही शिल्लकच नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच खूप आनंद झाला होता.

खाणीतून काढलेल्या ताज्या तुकड्याला चिरा म्हणतात. तो मऊ असतो, त्यामुळे करवतीने कापता येतो आणि हवेत राहिला की कडक होतो, पाव उघडा ठेवल्यावर होतो तसा. म्हणून जुने गवंडी चिरा आणून काही महिने तसाच रचून ठेवायला सांगतात. टिकण्याचा पुरावा हवा असेल तर राजापूरजवळ बारसूच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची कातळशिल्पं बघा, काही हजार वर्षं उघड्यावर, डोक्यावर कोकणचा पाऊस घेत ती जांभ्यात कोरलेली आहेत.

सगळा चिरा सारखा नसतो हे मात्र खरं. आजोळच्या घराची पडवी दुरुस्त करताना आमच्या गवंडीकाकांनी मला खाणीवर नेलं होतं. ते प्रत्येक चिऱ्यावर हातातल्या हत्याराची मागची बाजू आपटायचे आणि म्हणायचे, "आवाज आयक, बाय." चांगला चिरा ठणकन बोलतो आणि मातीच्या पिवळट-पांढऱ्या शिरा असलेला बद्द वाजतो. शंभरातले पंधरा-वीस त्यांनी बाजूला काढले, खाणवाल्याची कुरकुर झाली, पण गवंडीकाका हलले नाहीत. मग भिंतीपाशी एकेक चिरा ते लांब दांड्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासायचे, पाच-सहा घाव, फिरवला, परत पाच-सहा, आणि तो शेजारच्याला असा बसायचा की मधे पोस्टकार्ड जाणार नाही. पंचवीस-तीस किलोचा दगड एका हाताने गुडघ्यावर तोलून धरायचा आणि दुसऱ्याने तासायचं, हे वय वर्षं साठचा माणूस दिवसभर करत होता. त्यांच्या हाताखालच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला मला फक्त लावता येतो, घडवता नाही.

आकड्यात सांगायचं तर मानकाप्रमाणे जांभ्याची ताकद एका चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन हवी. साध्या विटेची सगळ्यात खालची प्रत तेवढीच असते. तळमजला किंवा वर एक मजला यासाठी ती पुरते, त्याहून उंच जायचं स्वप्न असेल तर जांभ्याचा नाद सोडा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, स्थानिक म्हणजे आपोआप निरुपद्रवी असं नाही. चिरेखाणींनी कितीतरी सडे पोखरलेत. परवानगी असलेल्या खाणीचाच चिरा घ्या, आणि जुनं घर पाडताय तर त्याचे चिरे नीट उतरवून परत वापरा, ते नव्यापेक्षा कडकच असतात.

चुना का हवा, सिमेंट आहे ना?

जांभा थोडं पाणी पितो आणि ऊन पडलं की बाहेर टाकतो. त्याच्यावर नुसत्या सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की पाणी कुठूनतरी आत जातंच पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मे महिन्यात रावपुऱ्यातून रेनकोट घालून चाललात तर अंगाचं जे होईल तेच भिंतीचं. आत मिठाचे खडे धरतात आणि गिलावा ढपल्याढपल्यांनी सुटतो. चुना हा सुती सदरा आहे, हवा खेळती ठेवतो.

चुन्याची गंमत अशी की चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशाला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो खदखदतो आणि विरतो. भिंतीवर लावला की महिनोन्महिने हवेतून तोच वायू परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे तुम्ही भिंतीवर दगडच लावताय, फक्त मलमाच्या रूपात. बारीक तडे गेले तर पावसाच्या पाण्यात चुना थोडा विरघळून परत त्या तड्यातच बसतो आणि तडा भरून येतो.

अडचण खरी आहे, चुन्याला वेळ लागतो आणि घाणीवर चुना मळणारे आता सहज मिळत नाहीत. नाहीच मिळाले तर निदान एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा मिसळलेला माल वापरा, तो कुठल्याही चांगल्या गवंड्याला जमतो. किंवा गिलावाच करू नका, बाहेरून फक्त चिऱ्यांमधल्या फटी भरा आणि जांभा उघडा ठेवा. काकांना हेच सगळ्यात आवडलं.

कौलं गळतात हो!

हा आक्षेप दर वेळी येतो, त्यामुळे जरा सविस्तर.

मंगलोरी कौलं १८६०च्या दशकात मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झाली आणि जहाजांतून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. माशाच्या खवल्यांसारखं एक कौल दुसऱ्यावर चढतं, आणि उतार पुरेसा असेल तर पाणी थांबतच नाही. कौलारू घर गळतं त्याची कारणं ठरलेली असतात: उतार कमी, कौल फुटलंय, वर पाला साचलाय, किंवा माकडांनी हलवलंय. यातलं काहीही एक माणूस शिडी लावून अर्ध्या दिवसात दुरुस्त करतो. सपाट स्लॅब गळायला लागला की पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, मग वॉटरप्रूफिंगवाले दर तीन वर्षांनी येतात आणि शेवटी कंटाळून लोक वर पत्र्याची शेड मारतात. कोकणात फिरताना मोजा, किती स्लॅबांवर पत्रे आहेत. बडोद्यात वर्षाला पस्तीस-चाळीस इंच पाऊस, तिथे शंभराच्या वर. आपली गच्ची तिकडे नेऊन चालत नाही.

उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि वळचण भिंतीपासून तीन-चार फूट बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील आणि भिंतीला झड लागणार नाही. जोतं शक्यतो काळ्या दगडाचं करा, जांभ्याचं केलंत तर त्यावर ओल अडवणारा थर न चुकता घाला.

आणि वादळ आलं तर?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगरकडे कौलंही उडाली आणि पत्रेही. कौलारू छपराला वादळात भीती नाही असं मी कोणालाही सांगणार नाही. पण भीती कमी करता येते. दोन बाजूंना उतार असलेल्या दुपाखीपेक्षा चारही बाजूंना उतार असलेलं चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगलं तोंड देतं, कारण कुठल्याच बाजूला वाऱ्याने धडक मारावी अशी उभी त्रिकोणी भिंत नसते. वासे भिंतीवर नुसते टेकवू नका, पट्टीने खाली जखडा. कडेच्या आणि आढ्याजवळच्या दोन-तीन ओळी तारेने बांधा, वारा सुरुवात तिथूनच करतो. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, वारा पडवीखाली घुसून तिला उचलतो, ती गेली तरी घर राहतं. पट्ट्या, तारा, स्क्रू हे सगळं ३१६ नंबरच्या स्टेनलेसचं घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला टिकतं. बाजारात सर्रास मिळणारं ३०४ समुद्राकाठी डाग धरतं.

भूकंपाचंही विचारा, कारण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. जांभ्याच्या भिंती जड असतात, त्या एकमेकींना बांधून ठेवायला जोत्याच्या आणि खिडक्यांच्या वरच्या पातळीला सगळ्या घराभोवती आरसीसीचा पट्टा हवा. मोजकं आरसीसी म्हणाले ते हेच, आणि वर सांगितलेलं ४५ मिलिमीटरचं आवरण इथे विसरायचं नाही.

समुद्र दिसायला हवा ना!

काकांची काचेची भिंत यासाठीच होती. पण पश्चिमेकडून तीन गोष्टी येतात: दुपारनंतरचं ऊन, पावसाळ्याची झड आणि खारा वारा. काच लावली की घर भट्टी होतं, मग एसी, आणि एसीचं बाहेरचं युनिट मिठात किती टिकतं ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा.

वारा मात्र हवाच. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. रात्री उलटं. म्हणजे पूर्व आणि पश्चिम समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर फुकटचा पंखा दोन्ही वेळ चालतो. जुन्या घरांनी पश्चिमेला खोल पडवी टाकून ऊन आणि झड तिथेच अडवली आणि वारा आत घेतला. समुद्र बघायचा तर पडवीत बसून बघा. काकू लगेच म्हणाल्या, "मग संखेड्याचा हिंचका पडवीतच टांगू." बडोद्याचं माणूस झोपाळ्याशिवाय घराचा विचार करूच शकत नाही, पण संखेड्याच्या हिंचक्यावरचं, म्हणजे झोपाळ्यावरचं, लाखेचं काम खाऱ्या ओलीत खराब होईल म्हणून तो माजघरात टांगा असं मी सुचवलं. पडवीत साध्या सागाचा, पितळी कड्यांचा. पितळ काळवंडतं, पण लोखंडासारखं फुगून तुटत नाही.

लाकूड, वाळवी आणि सुतार

साग महाग झालाय हे खरंय, पण फणस, ऐन, किंजळ ही कोकणातल्या घरांची नेहमीची लाकडं आहेत. जुन्या घरांचे वासे आणि तुळया उतरवून विकतात, पूर्ण वाळलेलं लाकूड, ते मिळालं तर सोडू नका. वाळवीसाठी तिथे काजूच्या टरफलाचं तेल लावतात, वास आठवडाभर डोक्यात जातो पण उपाय जुना आणि चालणारा आहे. सांधे खिळ्यांऐवजी खाच आणि लाकडी खुंटीचे करायला सांगा. खिळा गंजला की भोवतीचं लाकूडही काळं पडून भुसभुशीत होतं, खुंटीचं तसं होत नाही.

हे सगळं महाग नाही पडत?

दगडाला जेवढे पैसे पडतात त्याहून जास्त कधीकधी वाहतुकीला पडतात, म्हणून खाण किती किलोमीटरवर आहे हे आधी बघा. मजुरी मात्र नक्की जास्त जाते कारण घडवायला वेळ लागतो. पण मामाने तो व्हरांडा दुरुस्त करायला, सळ्या घासून, नवीन टाकून, परत काँक्रीट करून, जो खर्च केला तो धरला तर हिशेब बदलतो. शिवाय मजुरीचे पैसे त्या गावातच राहतात. घडवणारा गवंडी साठ वर्षांचा आणि पोराला फक्त लावता येतं हे वर लिहिलंच आहे, पाच-दहा घरांची कामं मिळाली तर तो पोरगा घडवायला शिकेल, नाहीतर मुंबईला जाईल. मला या प्रश्नात सगळ्यात जास्त हेच टोचतं.

पद्धत अशी ठेवा की नकाशा पक्का करायच्या आधी गवंडी आणि सुतार यांच्याबरोबर जागेवर बसा. बडोद्यात आपण कडियाला, म्हणजे गवंड्याला नकाशा देतो आणि तो बांधतो, तिथे उलट करा. खिडकी केवढी हे चिऱ्याच्या मापाने ठरू द्या, खोलीची रुंदी मिळणाऱ्या तुळईच्या लांबीने. बडोद्यातला जुना तांबेकर वाडासुद्धा विटा आणि लाकूड हाताळणाऱ्या माणसांच्या हिशेबानेच उभा राहिला असणार.

बांधायला परवानगी आहे का, हे आधी

खरंतर हे पहिलंच विचारायचं, पण लोक शेवटी विचारतात. किनाऱ्यालगत सीआरझेडचे नियम लागतात, म्हणजे भरतीच्या रेषेपासून आत साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात काय बांधता येईल याचे नियम. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीच्या रेषेपासून ५० मीटर, आणि कमी असेल तर २०० मीटर नवीन बांधकाम नाही. कोकणातल्या बहुतेक गावांची वस्ती इतकी दाट नसते, तेव्हा २०० च धरून चाला. आधीपासूनचं अधिकृत घर असेल तर तेवढ्याच जोत्यावर दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, म्हणून जुनं घर घाईने पाडून जमीन सपाट करू नका, कागद आधी. खाडीकाठालाही वेगळी मर्यादा आहे. जिल्ह्याचा मंजूर किनारा नकाशा, सात-बारा आणि ग्रामपंचायतीतली घराची नोंद हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. केरळात मरडूला जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने माणसं राहती असलेले टॉवर रिकामे करून स्फोटाने पाडले, कारण किनाऱ्याचे सीआरझेड नियम मोडले होते.

काकांचं जुनं जोतं भरतीच्या रेषेपासून १४० मीटरवर भरलं. म्हणजे नवीन बंगला नाहीच, पण त्याच जोत्यावर घर उभं करता येईल, आणि नोंद सुदैवाने आजोबांच्या नावे सापडली. जुलैची तिकिटं काढलीत. भर पावसात दोन दिवस त्या जोत्यावर छत्री घेऊन उभं राहायचं, पाणी कुठून येतं, कुठे साचतं, झड कुठल्या कोनातून लागते ते गवंडीकाकांबरोबर खडूने चिऱ्यावर मांडायचं, आणि मगच कागद पेन्सिल काढायची असं ठरलंय.